जहाज चालवणारा जेवला का?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जहाजांची तुलना चालली होती. तुलना करणाऱ्यांपैकी एकानंही तोवर जहाज पाहिलेलं नव्हतं, पण त्यामुळे कोणाचं मत डळमळीत झालं असं म्हणता येणार नाही. हिंगोलीत राहून समुद्राबद्दल ठाम मत बाळगणं सोपं असतं. तो काही इथवर येऊन ते खोडून काढत नाही.

कल्पना भाचीची. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक मुलगी. ती बंगळुरात नोकरी करते. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला, दुसरा झाला, ते सगळे नव्या घरात राहायला गेले. यातल्या कशालाही अक्का गेली नव्हती. कारण अक्का फक्त एसटीनं प्रवास करते, तोही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून. गाडी सुटण्याआधी ती त्याला विचारते, "जेवलात का?" हिंगोली डेपोतले जुने ड्रायव्हर तिला ओळखतात. काही जण तर ती पायरी चढताना दिसली की विचारायच्या आतच म्हणतात, "जेवलो बाई, जेवलो." रेल्वेत ती बसत नाही, कारण चालवणारा दिसत नाही. विमानाचं नावच नको. जीप, कार, ट्रॅव्हल्स, ज्या गाडीच्या चालवणाऱ्याला तिनं जेवताना पाहिलेलं नाही त्या गाडीत ती पाय ठेवत नाही. त्यामुळे एसटी जाते तिथवर अक्काचा देश, आणि बंगळूर त्या देशाबाहेर. नात फोनच्या काचेतच मोठी व्हायला लागली होती. काचेला हात लावून "आजी" म्हणायची, आणि अक्का आपलं बोट पलीकडून टेकवायची.

"मामा, जहाजात घाट नाही, खड्डे नाहीत, समोरून ट्रक येत नाही," भाची मला फोनवर म्हणाली. "आई कशाला घाबरेल? मुंबईपर्यंत एसटीनं आण तिला. पुढचे तीन-चार दिवस सगळे एका ठिकाणी राहू. ती आली तरच जायचं, नाही तर नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, अक्का येणार की नाही. पण हा प्रश्न बाजूला ठेवून घरच्यांनी आधी जहाजं निवडायला घेतली. कुठलंही मोठं काम आपल्याकडे असंच सुरू होतं.

दोन जहाजं होती, दोन्ही मुंबईहून सुटणारी. एक प्रचंड मोठं, परदेशी कंपनीचं, थंडीपुरतं आपल्या किनाऱ्यावर येणारं. दुसरं त्यापेक्षा लहान आणि जुनं. पुण्यातला माझा मुलगा मोठ्याच्या बाजूचा, भाची लहानाच्या. दोघांनी घरच्या ग्रुपवर माहितीपत्रकं टाकायला सुरुवात केली. मी ती सगळी वाचली. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे छापलेलं काहीही शेवटपर्यंत वाचायची खोड लागली आहे, मग ते कितीही बेताचं असो. मोठ्या जहाजाच्या माहितीपत्रकात पानापानावर माणसं हसत होती. जेवताना हसत होती, पोहताना हसत होती, एक जण तर झोपेतही हसत होता. समुद्राचा फोटो शोधावा लागला. तो एका कोपऱ्यात, पोहण्याच्या तलावाच्या मागे निळ्या पट्टीसारखा होता. बिनखिडकीच्या खोलीला त्यांनी 'शांत निवास' म्हटलं होतं. असल्या शांत निवासात माझी वसतिगृहातली सगळी वर्षं गेली, पण तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

"तेरा रेस्टॉरंट आहेत पप्पा," मुलगा म्हणाला.

"दिवस किती आहेत?"

"चार."

"मग नऊ कोणासाठी?"

"तुम्हाला ना, कशाचंच काही वाटत नाही."

भाचीच्या जहाजात रेस्टॉरंटं कमी, पण खोल्यांतले टॉवेल घड्या घालून हत्तीचे आकार करून ठेवतात, अशी माहिती मिळाली. माझ्या बायकोला हे आवडलं. मुलानं लगेच शोधून काढलं की मोठ्या जहाजावर टॉवेलांचे हंस आणि माकडंही होतात. दोन दिवस वाद टॉवेलांवर अडला होता. मोठ्या जहाजावर एका संध्याकाळी कोट घालून जेवायला यायचं असतं, हेही कळलं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातून आम्ही समुद्रावर जाऊन टाकीतल्या पाण्यात कसं पोहायचं आणि कोट घालून वरण-भात कसा खायचा, याची तयारी करत होतो.

एका रविवारी सगळे व्हिडिओवर जमले. अक्का माझ्या शेजारी पलंगावर बसली होती. डावा हात नेहमीप्रमाणे कोपरात वाकलेला, मांडीवर. तो लहानपणापासून सरळ होत नाही. मुलानं पडद्यावर मोठं जहाज फिरवून दाखवलं. मजले मोजले. सतरा.

"सतरा मजले," अक्का म्हणाली. "आन् चालवणारा कितव्यावर बसतो?"

मुलगा थबकला. "वर कुठंतरी, आत्या. समोरच्या बाजूला. कॅप्टन असतो."

"त्यो जेवतो का?"

"जेवत असेल की. जेवल्याबिगर राहील का माणूस?"

"तू पाह्यलं का?"

"आत्या, मी कसा पाहणार?"

"मग त्याला बोलवा घरी जेवायला," अक्का म्हणाली. "मग सांगते येते का न्हाई ते."

पडद्यावरचे सगळे चौकोन एकदम हसले. भाचीची मुलगी का हसायचं ते न कळताही हसली. मी हसलो नाही. मला आमच्या ओसरीवर जेवायला बसलेला एक जीपवाला आठवला.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, साखरा गावच्या शाळेत मास्तर होते. वर्षातून एकदा, दसऱ्याला, आमचं घर आणि भावकीतली माणसं मिळून नागपूरला जायची. त्यासाठी जीप ठरवायची असायची. जीप ठरवणं हे दादांच्या वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं. परीक्षेचे पेपर ते एका बैठकीत तपासून टाकायचे, पण जीपला त्यांना महिना लागायचा. बाजाराच्या दिवशी आमच्या भागात तीन-चार जिपा यायच्या. दादा तिथं जाऊन उभे राहायचे. टायर बघायचे नाहीत, बॉनेट उघडायला लावायचे नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, सांगायचे, "दादा, टायर तर बघा." दादा म्हणायचे, "टायर मालकाचं असतं. झोप डायवरची असती."

मग त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला ते दुपारी घरी जेवायला बोलवायचे. पुढच्या बाजारी दुसऱ्याला. माय चुलीपुढून म्हणायची, "जीप ठरवून राहिले का जावई?"

"जावई एकाच पोरीला नेतो," दादा म्हणायचे. "ह्यो आपल्या समद्याला नेणार हाय."

ड्रायव्हर जेवायला बसला की दादा त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसायचे आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलत राहायचे. आम्ही पोरं दाराआडून बघायचो. एक जण आठवतो. गोरा, टेरिकॉटच्या शर्टातला, बोलण्यात पटाईत. पहिला घास तोंडात असतानाच त्यानं नागपूरच्या रस्त्याचं वर्णन सुरू केलं, भाकरी अर्धी टाकली, पाणी उभ्यानं प्यायला आणि जीप कशी एका दमात वाशीम गाठते ते सांगत चपला घातल्या. दादा त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, आदरानं निरोप दिला आणि आत येऊन मायला म्हणाले, "ह्याचं न्हाई."

"काहून? चांगला तर हाय."

"भाकरीला थांबला न्हाई त्यो. फाटकाला काय थांबल?"

ज्याला त्यांनी अनेक वर्षं नेलं, तो ड्रायव्हर अगदी वेगळा होता. काळासावळा, मिशा उतरलेल्या, बोलायचा नाही. पहिल्या दिवशी जेवायला बसला तो ताटातली सगळी भाकरी संपवून, आमटी भुरकून, "अजून कोर हाय का?" असं मायला विचारून, हात धुऊन, मग दहा-पंधरा मिनिटं ओसरीवर पडून राहिला. काकांना हे फार आगाऊपणाचं वाटलं. दादांना तो तिथंच पसंत पडला. परक्या घरात पडून राहायचं ज्याला सुचतं त्याला रस्त्याच्या कडेला गाडी लावून पडून राहायचंही सुचेल, असा त्यांचा हिशेब होता.

दसऱ्याची पहाट मला अजून वासासकट आठवते. खळ घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचा वास, दशम्यांचा, आणि जीपच्या डिझेलचा. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत अंगणात उभे असायचो. बसायचं नाही, चुरगळतील म्हणून. जीप दारात उभी. आणि आत ओसरीवर ड्रायव्हर जेवत असायचा. तो जेवल्याशिवाय जीप हलायची नाही, हा नियम. त्याचं ताट वाढायचं काम अक्काचं. परकर-पोलक्यातली अक्का हातात भाकरीची दुरडी घेऊन त्याच्या बाजूला उभी राहायची, मोठ्या तोऱ्यात. आम्ही बाहेर तळमळत असायचो. आणि तो माणूस सावकाश भाकरी मोडायचा, कुस्करायचा, पुन्हा आमटी मागायचा. नागपूर आमच्यासाठी त्याच्या हात धुण्यापासून सुरू व्हायचं.

पुढचा रस्ता म्हणजे गाणी, दशम्या आणि एकमेकांच्या मांड्यांवर बसून आलेल्या मुंग्या. वाशीमला चहा. कुठंतरी झाडाखाली दुपारचं जेवण, आणि ड्रायव्हरची डुलकी. तो झोपलेला असेपर्यंत आम्ही हळू बोलायचो, दादाही. आजूबाजूनं निळे झेंडे लावलेल्या गाड्या भरधाव जायच्या, त्यातली माणसं आम्हाला हात करायची. आम्ही झाडाखाली एका झोपलेल्या माणसाभोवती बसून असायचो. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, इतकं निवांत मी पुन्हा कुठंच बसलो नाही. येताना दादांच्या मांडीवर पुस्तकांचं गठुडं असायचं. त्या जिपेतच, मागच्या बाकावर, रस्त्याच्या धक्क्यांनी ओळी हलत असताना मी पहिली पुस्तकं वाचली.

एका वर्षी दादांना ताप भरला. जायचं तर होतंच. जीप काकांनी ठरवली. काका तहसीलमध्ये कारकून. त्यांना थाटाची आवड होती. त्यांनी आणलेल्या जिपेला लाल पडदे होते, कॅसेट लावायची सोय होती, बॉनेटवर दोन जास्तीचे दिवे होते आणि आरशाला प्लास्टिकची फुलं. अख्खं गाव बघायला आलं. दादा आत घोंगडीत पडून होते. त्यांना ती दाखवायलाही कोणी नेलं नाही.

पहाटे ड्रायव्हर आला. तरणा माणूस, डोळे लालभडक. आदल्या दिवसापासून तो कुठल्या कुठल्या भाड्यांवर फिरत होता. मायनं नेहमीसारखं ताट केलं. अक्का ते घेऊन ओसरीवर आली. काका म्हणाले, "वहिनी, उशीर होऊन राहिला. वाटंत खाईल त्यो. खाशील ना रे?"

ड्रायव्हरनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय, खाईन की."

अक्का थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं ताट खाली ठेवलं. आम्ही जिपेत चढलो.

वाशीमच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, समोर कुणीही नसताना जीप हळूच डावीकडे वळली. मला वाटलं, चहाला थांबतोय. गाणं चालूच होतं. मग ती नालीत उतरून कापसाच्या रानात कलंडली. कोणी दगावलं नाही. ड्रायव्हर बाहेर पडून रानात उभा राहिला आणि रडायला लागला. पांढरे कपडे मातीनं भरले. अक्काचा हात खाली सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगात ताप असताना एसटीनं वाशीमच्या दवाखान्यात आले. काका दारातच उभे होते, बोलणी खायची तयारी करून. दादांनी त्यांना काहीच म्हटलं नाही. अक्काच्या खाटेपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायला विचारलं, "डायवर जेवला होता का?"

खाटेवरून अक्काच म्हणाली, "न्हाई. ताट म्याच खाली ठेवलं."

दादांनी यावर कधीही काही म्हटलं नाही, अक्कानंही नाही. पुढल्या दसऱ्याला आम्ही एसटीनं गेलो आणि त्यानंतर नेहमी एसटीनंच. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला "जेवलात का?" असं दादा विचारायचे. ते थकल्यावर अक्का विचारू लागली.

ही सगळी हकिकत मी मुलाला आणि भाचीला फोनवर सांगितली. भाचीला अपघात माहीत होता, ताटाचं नव्हतं. ती म्हणाली, "मामा, तिचं बरोबर आहे. पण कॅप्टनला मी हिंगोलीला कुठून आणू?"

कॅप्टन आला नाही, ट्रॅव्हल एजन्सीतली मुलगी आली. बाजार समितीच्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे. ती दोन्ही जहाजांची माहिती घेऊन दुपारच्या वेळी घरी आली. तिनं टॅब काढायच्या आत अक्कानं तिच्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा.

"मावशी, मी जेवूनच—"

"किती वाजता जेवली?"

मुलगी गडबडली. "सकाळी पोहे खाल्ले."

"पोहे म्हंजे जेवण व्हय? बस."

ती बसली. फोन पालथा घातला. अक्का समोर भिंतीला टेकून बसली, पावसापाण्याचं बोलत. मी चष्मा पुसायला घेतला. मुलगी नीट जेवली. फोन दोनदा वाजला, तिनं बघितलं नाही. ठेच्यानं नाक पुसत तिनं अर्धी भाकरी आणखी घेतली.

ती हात धुऊन आल्यावर अक्का म्हणाली, "आता सांग. तू बसली का जहाजात?"

"नाही मावशी. मला तर नांदेडच्या बसमध्येच उलट्या होतात."

मुलगा व्हिडिओवर होता, त्यानं कपाळाला हात लावला. अक्का मात्र खूश झाली. "म्हंजे खरं बोलती. बरं, ह्या दोन जहाजांत कोणत्याचा चालवणारा जेवून निघतो?"

अशा प्रश्नावर हसायचं असतं हे त्या मुलीला कळलं नाही, किंवा अंबाडीच्या भाजीनंतर हसणं तिला जमलं नाही. ती म्हणाली, "हे मला कुणी विचारलं नाही आजवर. थांबा, फोन लावते." आणि तिनं सगळ्यांसमोर, स्पीकरवर, फोन लावला.

मोठ्या जहाजाच्या कंपनीनं आधी आम्हाला संगीत ऐकवलं. मग एक दाबायला सांगितलं, मग चार. मग एका गोड आवाजाच्या बाईनं, आमचा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे ते सांगितलं. एजन्सीच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, जहाज निकलने से पहले कप्तान खाना खाते हैं क्या?"

"मॅम, हमारे सभी कॅप्टन अंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र-प्राप्त हैं."

"हां, लेकिन खाना?"

"मॅम, जहाज पर तेरह रेस्टॉरंट हैं. क्या मैं आपको उनके बारे में जानकारी दूं?"

"बघा आत्या, तेरा," मुलगा म्हणाला, पण त्याच्याही आवाजात आता जोर नव्हता.

लहान जहाजाच्या ऑफिसात बराच वेळ फोन वाजला. मग कुणीतरी उचलला. मागे टाइपिंगचा आणि चहाच्या कपांचा आवाज येत होता.

"कौन? कप्तान? खाता है ना, मॅडम. निकलने से पहले खाता है, फिर ऊपर जाता है." जरा थांबून त्यानं काळजीनं विचारलं, "क्यों? क्या हुआ?"

अक्कानं हात वर केला. "ह्ये."

"आत्या, पण त्या जहाजात स्लाइड नाही, थिएटर छोटं आहे—"

"त्यानं इचारलं की रे, काय झालं म्हणून," अक्का म्हणाली. "त्या बाईनं इचारलं का?"

अशा रीतीनं टॉवेल, मजले आणि रेस्टॉरंटं यांची एक महिन्याची तुलना निकालात निघाली. मला कबूल केलं पाहिजे की माहितीपत्रकं सगळी वाचूनही मला यापेक्षा चांगली कसोटी सुचली नसती.

मुंबईपर्यंत आम्ही एसटीनं गेलो, गाड्या बदलत. प्रत्येक ड्रायव्हरला विचारलं गेलं. एक जण म्हणाला, "न्हाई जेवलो बाई, डेपोत वेळच न्हाई भेटला." अक्कानं पिशवीतून दशमी काढून त्याच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत कंडक्टरला घंटी मारू दिली नाही. मागचे प्रवासी वैतागले. एकानं मला विचारलं, "तुमच्याच का?" मी म्हटलं, "हो." नाही म्हणायची सोय नव्हती, आमचं नाक सारखं आहे.

बंदरावर भाचीकडचे आणि मुलगा येऊन मिळाले. तिथं सामानाची तपासणी होती. पट्ट्यावरून पिशव्या आत गेल्या आणि अक्काची थांबली. तिथल्या वयस्कर सुरक्षारक्षकानं ती उघडली. आतून स्टीलचा डबा निघाला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा.

"आजी, घरचं जेवण आत नेता येत नाही. आत भरपूर मिळतं."

"आमच्यासाठी न्हाई. डायवरसाठी हाय."

"कुठल्या ड्रायव्हरसाठी?"

अक्कानं मान वर करून जहाजाकडे बोट दाखवलं. रक्षकानंही वर पाहिलं. त्या जहाजाला ड्रायव्हर असतो हे त्यालाही बहुधा त्याच वेळी जाणवलं. भाची पुढे होऊन समजावू लागली, मुलगा रांगेतल्या लोकांची माफी मागू लागला. अक्का ऐकेना. शेवटी रक्षक म्हणाला, "डबा इथं राहू द्या. परत येताना घेऊन जा." तो डबा परतीला आम्हाला मिळाला, रिकामा आणि धुतलेला, पण ती पुढची गोष्ट. तेव्हा मात्र अक्काचा चेहरा पडला. नातीचं बोट धरून ती रिकाम्या हातानं जहाजात चढली, आणि माझ्या मनात आलं की ही आता कुठल्याही क्षणी मागे फिरेल.

जहाज थाटाचं होतं, ते वेगळं सांगायला नको. लहान म्हणून आम्ही ज्याला हिणवलं त्यात आमचं अख्खं गाव मावलं असतं, गुरांसकट. काचेच्या लिफ्ट होत्या. टॉवेलाचा हत्ती पलंगावर होता. नातीनं तो लगेच उलगडून टाकला आणि हत्ती गेला म्हणून रडली. आम्ही डेकवर उभे होतो. गर्दी, संगीत. मी किनाऱ्यावरच्या एका शेडकडे पाहत होतो, ती सरकल्यासारखी वाटली. हादरा नाही, हिसका नाही.

"निघालं," मुलगा म्हणाला.

"निघालं?" अक्कानं कठडा धरला. "आन् त्यो जेवला का?"

माझ्या डोळ्यांपुढे ती ओसरी आली, हातात ताट घेऊन उभी असलेली परकर-पोलक्यातली मुलगी आली. तेव्हा ती थोडा वेळ उभी राहिली होती आणि मग तिनं ऐकलं होतं. आता ऐकायला कोणी सांगितलंही नव्हतं. जहाज न विचारताच निघालं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या दालनात आम्हाला गोल टेबल मिळालं. झुंबरं, घडी केलेले रुमाल, प्रत्येकापुढे चमच्यांची फौज. वाढणारा मध्यमवयीन माणूस होता, चष्मेवाला, रत्नागिरीकडचा. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. ताटं आली. सगळे जेवू लागले. अक्कानं हात लावला नाही.

"मावशी, आवडलं नाही का? दुसरं आणू?"

"न्हाई, चांगलं हाय. कॅप्टन जेवला का तुमचा?"

मुलानं मान खाली घातली. भाची काहीतरी सारवासारव करणार, तोच तो माणूस म्हणाला, "थांबा, विचारून येतो."

तो गेला. माझी खुर्ची अशी होती की मला त्याची वाट दिसत होती. टेबलांमधून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आत दिसेनासा झाला, आणि मला वाटलं त्याच्या आधीच परत आला.

"जेवले, मावशी. मघाशीच. वरण-भात आणि मासा."

"सावकाश जेवला?"

"अगदी सावकाश."

"मग पडला का जरा?"

त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली. "हो. थोडा वेळ पडले, मग वर गेले."

तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. अक्का माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यात वरपर्यंत जाऊन आला व्हय रे ह्यो?"

छापलेल्या आणि बोललेल्या थापा ओळखण्यात मी आयुष्य घालवलं आहे, पण या एका ठिकाणी मला काही मत असावं असं वाटलं नाही.

"गेला मात्र उठून," अक्का म्हणाली. "हातातलं काम टाकून गेला."

तिनं वाकलेला डावा हात टेबलावर घेतला, पोळी त्याच्याखाली दाबली आणि उजव्या हातानं तोडली. नात तिच्या मांडीवर चढून बसली, आता मध्ये काच नव्हती. तिनं एक घास नातीच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या. चावून बघितला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "ठेचा त्या बंदरावरच्या माणसापाशी उगीच ठेवला."